लिएनच्या आईचे काळे दात

स्टॅनमोर
सोमवार, ३ मार्च २०२५

वरदा,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात चालला नाही. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोन उचलत नाहीस, ईमेल वाचतेस की नाही देव जाणे. मग उरलं काय, तर पोस्ट. कार्डिफच्या घराचा पत्ता माझ्याकडे आहे. वास्तुशांतीला पॅडिंग्टनपासून तीस पुरणपोळ्या मांडीवर घेऊन मीच नव्हते का आले? फाडायचं तर फाड हे पत्र. पण आधी पहिलं पान वाच, कारण यात तुझ्यामाझ्या भांडणाहून मोठी गोष्ट आहे.

लिएनच्या जिभेवर व्रण आहे. डाव्या कडेला, बराच मागे, करंगळीच्या नखाएवढा. सतरा फेब्रुवारीला चेक-अपला आली तेव्हा मला दिसला. ती म्हणाली, “ब्रश लागला असेल, ची.” अजून मला ‘ची’च म्हणायची, त्यांच्यात मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली, टेटपासून. म्हणजे त्यांच्या नववर्षापासून, तीन आठवडे. मी बोट लावून बघितलं. कडा टणक होत्या. त्याच दुपारी अर्जंट रेफरल पाठवलं, हॉस्पिटलने अठ्ठावीस तारीख दिली. आणि लिएन गेली नाही.

का गेली नाही, ते तुला विचारायला हवं.

सव्वीस तारखेला तिला माईचा फोन आला. माई आठवते ना? लिएनची मुलगी, तुझ्या युनिव्हर्सिटीत डेंटल हायजीनचा कोर्स करतेय, पहिलं वर्ष. तिचं शिफारसपत्र मी लिहिलं होतं. तुला फोन करून सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, एकटी आहे तिकडे, जरा लक्ष ठेव. तू चांगलंच लक्ष ठेवलंस! तिच्या वर्गात उभी राहून, मोठ्या पडद्यावर, तू तिच्याच आजीची गोष्ट सांगितलीस. नाव न घेता. डेटफर्डची एक म्हातारी व्हिएतनामी बाई, काळे दात, २०११ साल. “माझ्या एका पार्टनरने त्या बाईंना काही न विचारता त्यांच्या दातांवरचा काळा थर खरवडून काढला. नंतर घरच्यांना खोटं सांगितलं.” आणि मग म्हणे तू स्वतः त्या आजींच्या घरी जाऊन माफी मागितलीस. कुठलं घर गं? पत्ता तरी माहीत आहे का तुला?

तेवढ्यावर थांबली असतीस तरी माईला शंकाच आली असती, खात्री नसती पटली. पण तू चुन्याच्या डबीचीही गोष्ट सांगितलीस. लिएनने ती मला आईच्या अंत्यविधीच्या दिवशी सांगितली होती, बाहेर पार्किंगमध्ये, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मी ती फक्त तुला सांगितली. मैत्रीण म्हणून सांगितली, स्लाइडसाठी नाही.

शनिवारी लिएन आपल्या डेटफर्डच्या दवाखान्यात, सर्जरीत, आली. अपॉइंटमेंट नव्हती. तोंडावरचा मास्क काढला नाही. रिसेप्शनसमोर उभी राहून एवढंच म्हणाली, “माझ्या आईचं तोंड तुम्ही बिघडवलंत आणि मला सांगितलंत की ते आधीच किडलं होतं. आता माझ्या तोंडात काय आहे ते तुम्ही सांगणार, आणि मी विश्वास ठेवू?” मी तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. तिने वळून बघितलं नाही.

हॉस्पिटलच्या हातापाया पडून मी दुसरी तारीख मिळवलीय. शुक्रवार, चौदा मार्च. हीसुद्धा चुकली तर रेफरल परत येईल आणि सगळं पहिल्यापासून. जिभेचं दुखणं तेवढं थांबत नाही, हे तुला मी सांगायला नको.

तू तिला फोन कर. खरं काय ते सांग. तो काळा थर काढायचं यंत्र कोणाच्या हातात होतं ते सांग. मग ती माझ्यावर थोडा तरी विश्वास ठेवील आणि जाईल. नंबर पाठीमागे लिहिलाय.

कस्तुरी

●

स्टॅनमोर
रविवार, ९ मार्च २०२५

वरदा,

सहा दिवस झाले. फर्स्ट क्लासचं तिकीट लावलं होतं, पत्र पोचलं नाही असं म्हणू नकोस.

श्रीनिवास म्हणतो, कशाला जीव जाळतेस, वकिलाला विचार आणि गप्प बस. त्याचं बरोबर असेल. पण नवऱ्याला काय माहीत तू आणि मी काय होतो ते. हॉस्टेलच्या एका खोलीत पाच वर्षं, मग या देशात एका खोलीत दोन वर्षं, मग एका पाटीवर दोघींची नावं एकवीस वर्षं. माझ्या बाळंतपणात माझे पेशंट तू बघितलेस. तुझ्या घटस्फोटात तू चार महिने माझ्या घरी राहिलीस आणि माझ्या मुलाने तुला मावशी म्हणायला सुरुवात केली. अशा माणसाने मला वर्गासमोर ‘एक पार्टनर’ करून टाकलं!

तू म्हणशील, सगळं मला माहीत आहे, मलाच काय सांगतेस. सांगते, कारण वर्गात तू जे सांगितलंस ते तुलाच आता खरं वाटायला लागलं असेल.

ऑक्टोबर होता. लिएनची आई शेजारणीबरोबर आली होती, एक दात जिभेला टोचतो म्हणून. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सडपातळ, केसांना घट्ट फडकं बांधलेली. इंग्रजी शून्य. लिएन कामावर होती. तू तिला तोंड उघडायला सांगितलंस आणि आत सगळे दात काळेभोर, चकचकीत. तू क्षणभरही विचार केला नाहीस. “मिश्री!” म्हणालीस. साताऱ्या-कऱ्हाडच्या खेड्यांत कॉलेजच्या कॅम्पला आपण अशा बायका शेकड्याने बघितल्या होत्या, भाजलेली तंबाखू बोटाने दातांना चोळणाऱ्या. लंडनमधल्या दुसऱ्या कुठल्याही डेंटिस्टने विचारलं असतं, हे काय आहे? त्यांना माहीत नसतं म्हणून विचारलं असतं. आपल्याला माहीत होतं, म्हणून आपण विचारलं नाही.

चाळीस मिनिटं तू घासत होतीस. म्हातारी मान डोलवत राहिली. त्यांच्यातही डॉक्टरला नाही म्हणत नाहीत, आपल्या आजी-मावश्या कुठे म्हणायच्या? मी त्या वेळी कुठे होते ते तुला माहीत आहे, ते लिहीत बसत नाही. शेवटी आरसा दिलास. दात कुठे पिवळट, कुठे करडे, मध्येच काळे राहिलेले. तिने आरसा उलटा करून मांडीवर ठेवला.

कार्डावर तू लिहिलंस, तंबाखू चघळतात, रोज. आणि लिएनला फोन केलास, की आईचं व्यसन सोडवा. ती बिचारी घरी गेली आणि आईची खोली धुंडाळली. तंबाखू सापडेना. पानाचा डबा सापडला, त्यात हिरवी पानं, सुपारी आणि पितळेची चुन्याची डबी. तिला वाटलं, हेच ते. तिने सगळं कचऱ्यात टाकलं. सुपारी काही चांगली नसते, ते मला कोणी शिकवायला नको. पण ती डबी तिच्या आईने हायफाँगहून बोटीत, तिथून हाँगकाँगच्या छावणीत आणि तिथून डेटफर्डपर्यंत कंबरेला बांधून आणली होती. आई म्हणे नुसती बघत बसली.

मग लिएन आली. हातात फळांची टोपली, वर सेलोफेन, लाल रिबीन. तक्रार करायला आलेलं माणूस फळं घेऊन येतं, हे मी तोवर बघितलं नव्हतं. तिने हळू आवाजात सांगितलं, की तिच्या गावी सोळाव्या वर्षी मुलींचे दात काळे करायचे. लाख, लोखंडाचा कीस, आपल्या हिरडा-बेहड्यासारखं फळ. दोन आठवडे गरम खायचं नाही, चावायचं नाही. पांढरे दात म्हणे जनावराचे, लग्नाच्या मुलीचे काळेच हवेत. तिच्या आईला त्या दातांचा फार अभिमान होता. “मग ते तुम्ही का काढलेत?” असं तिने विचारलं. रागाने नाही, खरंच समजून घ्यायला विचारलं.

तेव्हा तुझ्यावर डेंटल कौन्सिलच्या अटी होत्या, आठवतंय? आधीच्या एका तक्रारीवरून. अजून एक तक्रार आली असती तर तुझं नाव रजिस्टरवरून गेलं असतं. तू मला आत, हत्यारं उकळायच्या खोलीत ओढलंस आणि माझे दोन्ही हात धरून रडलीस. “कस्तू, मला वाचव.” मी बाहेर गेले आणि सांगितलं, की ते मी केलं. आणि त्या थराखाली कीड होती, काढावाच लागला असता. कीड नव्हती गं. म्हातारीचे दात माझ्या दातांपेक्षा धड होते. कार्डावर सहीची जागा रिकामी होती, तिथे मी माझी सही केली.

लिएनने माझे आभार मानले. आणि मग तिनेच आपली सर्जरी भरली. तिच्यासारख्या नेल बारमध्ये नखं रंगवणाऱ्या बायका, त्यांचे नवरे, किचनमधली माणसं. त्यांची पद्धत अशी, की दुखून डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचं, आणि नाहीतर सुट्टीत हनोईला गेलं की तिथे सगळं एकदम उरकायचं. ती माणसं सहा-सहा महिन्यांनी आपल्याकडे नुसती तपासायला यायला लागली, कारण लिएन सांगायची, ही बाई खोटं बोलत नाही. यातलं एक अक्षर तरी तुझ्या स्लाइडवर होतं का?

तिला फोन कर, वरदा. पाच दिवस आहेत.

कस्तुरी

●

डेटफर्ड, सर्जरीतून
बुधवार, १२ मार्च २०२५

वरदा,

तुझं उत्तर आलं. मला नाही, ‘प्रॅक्टिस मॅनेजर’ला. टाइप केलेलं, इंग्रजीत. आपली प्रॅक्टिस मॅनेजर गेल्या वर्षीच सोडून गेली, त्यामुळे ते मीच उघडलं. सदर केसमधली ओळख पटणारी माहिती काढलेली आहे, सबब संमतीची गरज नव्हती. शैक्षणिक उद्देशाने वापर. यापुढे घरच्या पत्त्यावर संपर्क साधू नये. खाली नाव, डिग्र्या, पद.

दोनदा वाचलं. मला वाटलं, पाठीमागे तरी पेनाने दोन शब्द असतील, मराठीत, शिवी का असेना. पान कोरं.

थू तुझ्या त्या पदावर! सदतीस वर्षं मी एका माणसाला ओळखते असं समजत होते. मी तुझ्यासाठी एका सरळ बाईशी चौदा वर्षं खोटी वागले, आणि ते खोटं तू माझ्या गळ्यात अडकवून त्यावर लेक्चर देतेस. तुझी चूक म्हणून सांगितली असतीस तर मी पहिल्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या असत्या. एवढीशी हिंमत हवी होती.

आणि या सगळ्यात लिएनच्या तोंडात ते तसंच आहे. तिच्यासाठी तुझ्याकडे एक ओळ नाही. परवा तिची तारीख आहे.

आता तुझी वाट बघत नाही. दुपारी तिच्या दुकानात जाते. काय बोलणार मला माहीत नाही. रिसेप्शनवरची पोरगी विचारतेय, चारच्या पेशंटचं काय करू. तिला म्हटलं, उद्यावर टाक.

क.

●

स्टॅनमोर
शनिवार, १५ मार्च २०२५

वरदा,

‘घरच्या पत्त्यावर संपर्क साधू नये’ म्हणालीस. साधतेय. वाचू नकोस.

लिएनचं दुकान तू बघितलेलं नाहीस. बसस्टॉपसमोर, चार टेबलं, काचेवर गुलाबी अक्षरं, आत ॲसिटोनचा असा वास की डोळे चुरचुरतात. मी गेले तेव्हा तिच्या हाताखालच्या तिन्ही मुली कामात होत्या, गिऱ्हाइकं बसलेली. लिएनने मला बघितलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मी बसले. तिने माझा हात ओढून टॉवेलवर ठेवला आणि कानस घेतली. तिला गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको होता. माझी नखं तुला माहीत आहेत, डेंटिस्टची, मुळाशी कापलेली. घासायला काही नव्हतंच. तरी ती घासत राहिली.

मी म्हटलं, “लिएन, त्या दिवशी यंत्र माझ्या हातात नव्हतं. माझ्या पार्टनरच्या हातात होतं. तिची नोकरी गेली असती म्हणून मी माझं नाव सांगितलं.”

तिने मान वर केली नाही. “हे आता का सांगताय?”

“तू शुक्रवारी हॉस्पिटलला जावंस म्हणून.”

“म्हणजे कोणाच्या हातात होतं ते कळलं की मी जाईन?” मास्कमधून आवाज जाड येत होता, का जीभ दुखत होती म्हणून, मला कळेना. “तुम्ही खोलीत होतात का?”

वरदा, तू वाचत असशील तर इथे थांब जरा. कारण नऊ तारखेच्या पत्रात हे लिहायचं मी टाळलं होतं. मला म्हणता आलं असतं, नव्हते. शेजारच्या खोलीत रूट कॅनल करत होते. तिला कुठे कळणार होतं? माझ्या ओठांवर आलं होतं ते.

“होते,” मी म्हटलं. “सक्शनची नळी मी धरली होती. आमची नर्स त्या दिवशी आली नव्हती.”

तिने दुसरा हात घेतला. मग म्हणाली, “आई सांगायची, तुम्ही दोघी तुमच्या भाषेत बोलत होतात आणि हसत होतात. तिला बोलणं कळलं नाही. आठ वर्षं, जाईपर्यंत, ती मला विचारायची, त्या काय म्हणत होत्या? मी म्हणायचे, डॉक्टर लोक असंच बोलतात, कामाचं. काय म्हणत होतात तुम्ही?”

तुला आठवतं का गं, आपण काय म्हणत होतो? मला आठवत होतं. रोज आठवतं असं नाही, पण मिटलेलं नाही. तू म्हणाली होतीस, “साताऱ्याचं पार्सल डायरेक्ट लंडनला.” आणि मी म्हणाले होते, “चकाचक करून पाठव घरी, म्हातारा ओळखणार नाही.” त्यावर तू एवढी हसलीस की यंत्र बाजूला घ्यावं लागलं. तो विनोद माझा होता.

मी लिएनला ते जसंच्या तसं सांगितलं. इंग्रजीत ते आणखीच घाणेरडं वाटलं.

तिची कानस थांबली. बाजूच्या टेबलावरची मुलगी आमच्याकडे बघायला लागली. लिएन म्हणाली, “माझे वडील बोटीवर वारले. एक्याऐंशी साली. मी आठ वर्षांची होते. त्यांना समुद्रात सोडलं. तुमच्याकडून आली त्या दिवशी आई बाथरूममध्ये गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. मग म्हणाली, आता वर गेल्यावर तुझे बाबा मला ओळखणार नाहीत.”

मी रडले. त्या सगळ्या अनोळखी बायकांसमोर, हात तिच्या टॉवेलवर तसेच ठेवून. ती रडली नाही.

आणि वरदा, अजून एक आहे, तेही तिला सांगितलं. तुला ते कधीच सांगितलं नव्हतं. त्या बाईचं तोंड बघताक्षणी मला शंका आली होती. मिश्रीचे दात असे चकचकीत नसतात. ते मळकट असतात, हिरड्यांशी चिकटलेले. असे दात मी लहानपणी आईच्या आजीचे बघितले होते. ती दातवण लावायची, पत्र्याच्या डबीतली काळी पूड, आणि लावल्यावर तासभर कोणाशी बोलायची नाही. सवाष्णीचा साज होता तो. मला वाटलं होतं तुला म्हणावं, थांब, हे दातवणासारखं दिसतंय, विचारू या. पण तू भराभर सुरू झालीस, आणि तू नेहमीच माझ्यापेक्षा हुशार, आणि म्हटलं जाऊ दे. मग मी विनोद केला. तू मला फसवलंस म्हणते मी, पण तुला मी थांबवलंही नाही.

लिएनने ऐकून घेतलं. माझ्या बोटांना तेल लावलं, पुसलं. म्हणाली, “मशीन कोणाच्या हातात होतं ते मला आता नको आहे.” पुढे म्हणाली, “तुमच्यानंतर आई कुठल्याच डेंटिस्टकडे गेली नाही. दुखलं की मीठ धरायची. एकेक करून सगळे दात गेले. शेवटची दोन वर्षं पेजेवर काढली. मी तिला कितीदा म्हटलं, चल, मी बरोबर येते. नाही म्हणजे नाही. तशीच मीही करेन असं तुम्हाला वाटलं ना?”

तिने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

“शुक्रवारी किती वाजता आहे?”

“दहा वीस.”

“माई येईल माझ्याबरोबर. तुम्ही येऊ नका.”

मी पर्स उघडली. तिने मान हलवली, पैसे घेतले नाहीत, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

काल ती गेली होती. माईने मेसेज केला, ‘बायॉप्सी झाली’, एवढाच. मी सकाळपासून तो उघडून बघतेय.

कस्तुरी

●

स्टॅनमोर
शनिवार, २६ एप्रिल २०२५

वरदा,

कॅन्सर आहे. होता म्हणायचं. लवकर सापडला, गाठींपर्यंत गेलेला नव्हता. अकरा एप्रिलला ऑपरेशन झालं, जिभेचा डावीकडचा तुकडा काढला. बोलताना ‘स’ नीट येत नाही अजून, पण येईल म्हणतात. आणखी दोन महिने उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते सर्जनने माईला सांगितलं आणि माईने मला. तुलाही तिने सांगितलं असेल का? तू तिच्या वर्गाला अजून शिकवतेस ना?

गुरुवारी लिएन सर्जरीत आली. गळ्याला स्कार्फ, चेहरा उतरलेला. तिने दोन गोष्टी मागितल्या. तिच्या घरच्या सगळ्यांचे रेकॉर्ड दुसऱ्या डेंटिस्टकडे पाठवा. आणि आईचं जुनं कार्ड मला बघायचं आहे.

मी तळघरातून कार्ड काढून आणलं. ती वाचत बसली. ‘तंबाखू चघळतात, रोज’ या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. खोडता येत नाही, मी सांगितलं, कायद्याने खोडायचं नसतं. खाली तारीख घालून दुरुस्ती लिहिता येते. ती म्हणाली, मग लिहा.

तिच्यासमोर बसून मी लिहिलं. पेशंट तंबाखू घेत नव्हत्या. सोळाव्या वर्षी त्यांच्या घरच्यांनी रीतीप्रमाणे त्यांचे दात काळे केले होते. तो थर इथे त्यांना न विचारता काढला गेला. थराखाली कीड नव्हती. मुलीला सांगितलं ते खोटं होतं. वरची सही खोटी आहे.

मग पेन थांबलं. कोणी काढला, ते राहिलं होतं. खरं सांगू, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं, की फक्त माझंच घालावं. सवय गं, दुसरं काय. मी लिएनला विचारलं, “एकटीचं घालू का? यंत्र कोणाच्या हातात होतं ते तुला नको आहे म्हणाली होतीस.”

तिला बोलायला त्रास होत होता, तरी शब्द सुटा सुटा करून म्हणाली, “माझी आई दोघींसमोर बसली होती. दोघींची घाला.”

मी घातली. तुझं नाव, तू थर काढलास म्हणून. माझं नाव, मला शंका होती, मी नळी धरून उभी होते आणि मी हसले म्हणून. लिएनने कॉपी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि गेली.

त्याची दुसरी कॉपी या पत्रासोबत आहे. तिसरी कौन्सिलसाठी लखोट्यात घातलीय, खोट्या सहीबद्दल माझ्या लेखी कबुलीसकट. श्रीनिवास दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना हे काय काढलंस म्हणतो. त्याला मी दोष देत नाही.

हे पत्र आजच कुरिअरने तुझ्या दारात पोचेल; तो लखोटा मी सोमवारी सकाळी टाकणार आहे. तुझ्याकडे रविवार आहे. माई तुझ्याच गावात राहते, तिच्याकडे जा किंवा नको जाऊस, ते तुझ्यावर. मी कौन्सिलला कळवायच्या आधी तिला ते तुझ्या तोंडून ऐकायला मिळावं, एवढंच मला तुझ्यासाठी अजून करता येतं.

कस्तुरी